रिलीव्हर येईपर्यंत

दुपारी पावणेचार झाले की जयवंत रेडीज उठून उभे राहत. वार त्यांना आठवत नसे, महिना आठवत नसे, जेवण झाले की व्हायचे आहे हेही आठवत नसे. पण पावणेचार आठवत. घड्याळाकडे न पाहता. हाडांत कुठेतरी चौतीस वर्षांची पाळी मुरलेली होती आणि ती त्यांना उठवत असे. मग ते खुर्चीमागे उभे राहून दाराकडे पाहत आणि विचारत, "रिलीव्हर आला का?"

घाटाच्या पोटातल्या एका जलविद्युत केंद्रात, जिथे दिवस आणि रात्र यांतला फरक फक्त लॉगबुकाला ठाऊक असतो, अशा कंट्रोल रूममध्ये त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. तिथला नियम एकच: पॅनेल रिकामे सोडायचे नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येतो. सुटणारा त्याला रीडिंगे सांगतो, पाळीत काय बिघडले ते सांगतो. दोघांच्या सह्या होतात, येणारा चार्ज म्हणजे पॅनेलचा ताबा घेतो, आणि मगच सुटणारा सुटतो. एका पावसाळ्यात दरड कोसळून रिलीव्हरची गाडी घाटात अडकली, तेव्हा जयवंतराव एकतीस तास त्या खुर्चीवर बसून होते.

मी त्यांच्या घरी प्रथम गेले, ती वेळ नेमकी पावणेचारची होती. चिपळूणच्या नव्या पूरभिंतीलगतचे बैठे घर. मी माझी ओळख करून देत होते – शाल्मली खातू, 'विसावा' केंद्रातली संशोधक. स्मृतिभ्रंश झालेला माणूस घरातून रुग्णालयात, रुग्णालयातून केंद्रात, केंद्रातून परत घरी हलवला जातो तेव्हा त्याचे काय होते, हा माझा विषय – आणि माझे वाक्य पुरे होण्याआधीच जयवंतराव उठले.

"रिलीव्हर आला का?"

"आला, आला." त्यांच्या पत्नी कुंदाताई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी कोनाड्यातून एक जुनी डायरी काढली. "सांगा रीडिंग."

"पहिला सेट साठ मेगावॅट. बेअरिंग अठ्ठेचाळीस. तेलाचा दाब... दाब..."

"दाब बरोबर आहे. येताना बघितला मी. शेरा?"

"सगळं नॉर्मल."

"चार्ज घेतला." दोघांनी सह्या केल्या. त्यांची सही म्हणजे आता केवळ एक थरथरती रेघ उरली होती. पण ती योग्य रकान्यात पडत होती. "सुटलात तुम्ही. बसा, चहा टाकलाय."

आणि जयवंतराव असे बसले, की खांद्यावरून डोंगर उतरवून ठेवावा.

"हे शास्त्र कुठं शिकलात?" मी विचारले.

"नवरा दाराशी उभा राहून रडायला लागला की येतं आपोआप." कुंदाताई हसल्या. "ह्यांना रोज चारला रिलीव्हर मिळतो. माझा मेला कुठल्या घाटात अडकलाय कोण जाणे. सहा वर्षं झाली."

हसता हसता त्या जपून, एका बाजूला भार देऊन बसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "अंग बाहेर येतं माझं. तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा. पट्टा बांधते आणि ह्यांना उचलते. सोळा दिवस कुठं ठेवू ह्यांना?"

एकदा ठेवून पाहिले होते. दोन वर्षांपूर्वी, तीन दिवस, दुसऱ्या शहरातल्या एका निवासात. जयवंतराव तिथल्या दाराशी एकोणीस तास उभे होते. पाय सुजून चपलांत मावेनात. परत आले ते मुलाचे नाव तिथेच ठेवून आले. "ह्या वेळी मला ठेवून आले तर?" कुंदाताईंनी विचारले. एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि आमच्या साऱ्या प्रकल्पाला त्याचेच उत्तर द्यायचे होते.

*

प्रकल्पाचे नाव होते 'सांधा'.

स्मृती एका फुंकरीने विझत नाही. नावे, तारखा, कालचे बोलणे जिथे नोंदले जाते तो मेंदूचा भाग आधी झिजतो. हाताला लागलेली सवय आणि ओळखीच्या आवाजाने येणारा निवांतपणा यांची जागा वेगळी. ती उशिरापर्यंत तग धरते. म्हणून अशा माणसाच्या बाबतीत घर ही केवळ वास्तू नसते. ती त्याच्या डोक्याबाहेर ठेवलेली स्मृती असते: भिंतीवरचा खिळा, कपबशीचा आवाज, कोणत्या वेळी कोण काय म्हणते. त्याला तिथून उचलणे म्हणजे उरलेसुरले मन मागे ठेवून देह तेवढा नेणे. आम्हांला हे बाहेरचे मन बरोबर नेता यावे, अशी व्यवस्था करायची होती.

त्यासाठी दोन गोष्टी. रुग्णाच्या घोट्यावर एक कडे आणि कानामागे एक पातळ पट्टी. चालीतली अडखळ, त्वचेचा ओलावा, हृदयाच्या ठोक्यांमधली अंतरे यांवरून ही यंत्रणा माणूस अस्वस्थ होण्याच्या बारा मिनिटे आधी ते ओळखत असे. आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या गळ्याजवळ एक चकती, साठ दिवस, तिचे प्रत्येक वाक्य टिपणारी. कोणत्या घटकेला कोणते वाक्य बोलल्यावर त्याचे हृदय शांत होते, हे यंत्र हळूहळू शिकत जाई. मग रुग्ण केंद्रात आला, की तेच वाक्य, त्याच व्यक्तीच्या आवाजात, पट्टीतून कानामागच्या हाडात उतरे. बाहेर कोणालाही काही ऐकू येत नसे. केवळ त्याला, डोक्याच्या आतून.

कुंदाताईंनी साठ दिवस ती चकती मंगळसूत्राच्या वाटीशेजारी लावली. रोज सकाळी सात ते नऊ या वेळात ती बॅटरी भरायला ठेवायची होती. ही वेळ आम्हीच निवडली होती. चकती देण्याआधी आठवडाभर नुसत्या कड्याने केलेल्या मोजमापात जयवंतराव त्या दोन तासांत सर्वांत शांत आढळले होते, आणि आम्ही तर अस्वस्थता मोजायला निघालो होतो. जिथे ती नव्हती, तिथे काय ऐकायचे?

*

केंद्रातला पहिला दिवस अवघड गेला, दुसरा कमी, आणि तिसऱ्या दिवसापासून आलेखावरची रेघ पाण्यासारखी सपाट झाली.

यंत्राने एक वाक्य शोधून काढले होते. 'अहो, चार्ज घेतला.' घरी ते दिवसातून एकदा बोलले जाई. पण त्या एका वाक्यानंतर ठोके जसे स्थिरावत, तसे दुसऱ्या कशानेही स्थिरावत नसत. ते एकदाच का बोलायचे, हे यंत्राला ठाऊक नसते, परिणाम तेवढा कळतो. पहाटे, न्याहारीच्या वेळी, मावशी अंघोळीला नेऊ लागल्या की, बाहेर कुणाचे वाहन वाजले की – बारा मिनिटे आधी तो आवाज येई. अहो, चार्ज घेतला. निवांत बसा. दिवसाला अकरा वेळा, कधी चौदा.

पावणेचारला ते उठेनासे झाले. मी वहीत लिहिले: 'संध्याकाळपूर्व अस्वस्थता पूर्णतः शमली.'

"काका एकदम शहाणे झालेत," वॉर्डातल्या शेवंतामावशी म्हणाल्या. "हूं नाही की चूं नाही. हात वर करा म्हटलं की वर. शर्ट आता मीच चढवते. घासही भरवून घेतात."

"पहिल्या दिवशी स्वतः जेवले होते ना?"

"हो, पण किती वेळ लावत होते! आता पाच मिनिटांत आटपतं."

सेवेच्या तक्त्यात त्या रोज एकच शब्द लिहीत: सहकार्य उत्तम. मी तो शब्द वाचत होते आणि त्याच्या आत उघडणारी पोकळी मला दिसत नव्हती. चांगल्या बातमीचा उजेडही डोळे दिपवतो, हे मला फार उशिरा कळले.

*

नवव्या दिवशी मी कुंदाताईंना भेटायला खेडला गेले. शस्त्रक्रिया नीट झाली होती. त्या बहिणीच्या घरी होत्या. पलंगावर टेकून बसलेल्या, केस धुतलेले. चेहऱ्यावरून कुणी हात फिरवून सुरकुत्या सपाट कराव्यात, तशा दिसत होत्या.

"रोज नऊ तास झोपतेय," त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या. "काल तर हे स्वप्नातही आले नाहीत. लाज वाटली मग."

प्रयोगाच्या नियमाप्रमाणे त्यांना केंद्रात येण्याची मनाई होती. प्रत्यक्ष भेट झाली की यंत्राचा परिणाम किती आणि माणसाचा किती, हे वेगळे काढता आले नसते. म्हणून मी त्यांना आलेख दाखवला. सपाट रेघ. त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"चारला यंत्र चार्ज घेतं?"

"घेतं. तुमच्याच आवाजात. शिवाय गरज पडेल तेव्हाही घेतं. दिवसातून दहा-बारा वेळा."

"आणि सकाळी परत कोण देतं?"

"म्हणजे?"

"अगं, आठला मी ह्यांना चार्ज देते ना! रोज!" त्या पलंगावर सरळ बसल्या आणि कळ आल्याने पुन्हा टेकल्या. "माझी रात्रपाळी संपते, ह्यांची दिवसपाळी लागते. मी रीडिंग देते. दूध अर्धा लिटर. नळाला पाणी सव्वासातपर्यंत. गॅस बंद. शेजारच्या मांजरीला पिल्लं तीन. कुंदाचा गुडघा गरम, पण चालू स्थितीत. मग हे सही करतात आणि ड्युटीवर बसतात. शेंगा सोलतात, कपड्यांच्या घड्या घालतात, फाटकावर लक्ष ठेवतात. पोस्टमनला हटकतातसुद्धा. ड्युटीवरचा माणूस शर्टाची बटणं लावून बसतो, हातानं जेवतो. चार्जच नसेल तर बटणं कशाला लावील गं तो?"

सकाळी आठ. चकती बॅटरी भरायला ठेवलेली असे, ती वेळ. ते त्या तासाला शांत होते, कारण त्या तासाला त्यांच्या हाती काम सोपवले जात होते. आम्ही ती शांतता मोजली आणि तिच्याकडे पाठ फिरवली. यंत्राने घेणे तेवढे ऐकले, देणे कधी ऐकलेच नाही. नऊ दिवस, दिवसातून बारा वेळा, एका माणसाला त्याच्या बायकोच्या आवाजात सांगितले जात होते की आता तुझे काही काम उरले नाही.

"हे तुम्ही आम्हांला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, ते कधी बिघडतात. कधी चांगले असतात हे कुणी विचारलंच नाही."

*

डॉ. परचुरे हे केंद्राचे संचालक. वाईट माणूस असते तर माझे काम सोपे झाले असते. त्यांनी स्वतःच्या आईला आठ वर्षे सांभाळले होते.

"तू म्हणतेस ते खरं असेल," ते म्हणाले. "पण आता नवव्या दिवशी यंत्राची वाक्यं बदललीस, तर हा रुग्ण अभ्यासातून बाद. फक्त सात दिवस राहिलेत. त्यांना कसला त्रास होतोय का? वेदना? भीती?"

"नाही."

"प्रतीक्षायादीत साडेतीनशे घरं आहेत, शाल्मली. त्या प्रत्येक घरात एक कुंदाबाई आहे, पट्टा बांधून उचलणारी. हा अभ्यास पुरा झाला तर त्या सगळ्यांना सोळा दिवस झोप मिळेल. सात दिवस बटणं मावशींनी लावली तर काय बिघडलं?"

खिडकीबाहेर वाशिष्ठीचे पाणी गढूळ, जड, स्वतःचेच ओझे वाहत चालले होते. साडेतीनशे हा मोठा आकडा आहे. त्याच्या सावलीत एक शर्ट सहज झाकला जातो. मी होकार दिला. कुणी माझा हात पिरगळला नाही. मी माझ्या तोंडाने, शुद्धीत, 'ठीक आहे' म्हटले, आणि पुढचे सात दिवस त्या सपाट रेघेखाली रोज सही करत राहिले.

*

सोळाव्या दिवशी साडेतीनच्या सुमारास कुंदाताई आल्या. एक हात पोटावर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. जयवंतराव खिडकीपाशी बसले होते. शर्ट पुढून उघडा. हनुवटीवर सुकलेल्या दुधाची रेघ. हात मांडीवर उताणे, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखे.

"अहो," कुंदाताई म्हणाल्या.

त्यांनी वळून पाहिले. ओळखीचा नव्हे, सौजन्याचा भाव होता तो. दुसऱ्या खात्यातला कुणी आपल्या टेबलाशी आला की पाहावे तसा.

"बोला बाई. कुणाकडे काम होतं?"

"तुमच्याकडेच. घरी जायचं ना?"

"मला नाही सोडता येणार. चार्ज कुंदाकडे आहे. ती सांगेल तसं."

"मीच कुंदा."

त्यांनी मान किंचित कलती केली. आत काहीतरी ऐकले. मग अगदी मायेने, समजूत काढल्यासारखे म्हणाले, "नाही हो. कुंदा आत आहे. आत्ता बोलतेय माझ्याशी."

कुंदाताई हळूच समोरच्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. मग मला विचारले, "काय बोलतेय मी?"

मी हातातल्या पडद्यावर पाहिले. "'अहो, चार्ज घेतला. निवांत बसा. मी आहे.'"

"ह्या आवाजात?"

मी त्यांना तो आवाज ऐकवला. त्यांनी डोळे मिटले. "एवढी गोड मी सहा वर्षांत बोललेली नाही. ह्यात ती दमलेली बाई कुठंच नाही गं. गाळलीत तिला?"

गाळली होती. खोकला, सुस्कारे, वैताग, सगळे गोंगाट म्हणून पुसले होते.

डॉ. परचुरे दाराशी येऊन उभे होते. ते सौम्यपणे म्हणाले, "रेडीजबाई, ही पट्टी तुम्ही घरी न्या. कायमची. बोलायचं ती बघेल. तुम्ही फक्त जेवणखाण, उठबस बघा. त्यांनाही त्रास नाही, तुम्हांलाही."

"म्हणजे मी मावशी, आणि ती बायको."

बाहेर शेवंतामावशी भांडी आवरत होत्या. तो आवाज थांबला.

"निनादही हेच म्हणतो," कुंदाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या. निनाद म्हणजे बंगळूरला असणारा त्यांचा मुलगा. "काल फोनवर म्हणाला, आई, ते यंत्र घरीच आण. आणि खोटं कशाला सांगू? सोळा दिवस झोपलेय मी. येताना गाडीत मनात आलं, बोलू दे तिलाच. दिवसातून चौदा वेळा बोलू दे. मी आपली पाय वर करून पडते." त्यांनी नवऱ्याच्या उघड्या शर्टाकडे पाहिले. "पण हे तिच्याकडे गेलेत आणि तिथं काहीच करत नाहीत. नुसते ठेवलेत तिनं. एखादी वस्तू ठेवावी तसे." मग सरळ होत त्यांनी विचारले, "चारला किती कमी आहेत?"

"अठरा मिनिटं."

त्यांनी पिशवीतून डायरी काढली. "शाल्मली, तिला सांग, चार्ज द्यायला. मला."

मी डॉ. परचुरे यांच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर पुन्हा साडेतीनशे घरे दिसली असती. पडद्यावर मी वाक्य लिहिले; लिहिलेलेही यंत्र कुंदाताईंच्या आवाजात बोलू शके. यंत्राने बजावले की हे वाक्य नमुन्यात नाही, परिणाम अनिश्चित. मी पुढे जाण्याची खूण दाबली. 'अहो, माझी पाळी संपली. रिलीव्हर आल्यात. मी त्यांना चार्ज देते.'

जयवंतराव ऐकत राहिले. त्यांच्या मांडीवरचे हात पालथे झाले. मग खुर्चीच्या दांड्यावर जोर देऊन, तीनदा प्रयत्न करून, ते उभे राहिले. बारा-तेरा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून. आलेखावरची रेघ उसळली.

"तुम्ही रिलीव्हर?" त्यांनी कुंदाताईंना विचारले.

"हो."

"फार उशीर केलात, बाई."

"घाटात दरड होती," कुंदाताई म्हणाल्या. "गाडी अडकली."

हे कारण त्यांना पटले. त्यांनी मान डोलावली, डायरी घेतली, रकान्यांवरून बोट फिरवले आणि ते एका रिकाम्या जागी थांबले. "सुटणाऱ्याची सही?"

कुंदाताईंनी पेन उचलले. त्यांनी हाताने अडवले. "तुम्ही घेणाऱ्या. सुटणारा आणि घेणारा एकच माणूस नसतो. जी सुटतेय तिची सही पाहिजे."

आतल्या आवाजाला हात नव्हता. त्या सोळा दिवसांत आमच्यापैकी कुणाच्याही हे लक्षात आले नव्हते. खोलीत घड्याळ वाजत राहिले. जयवंतराव अस्वस्थ होऊ लागले. पाय बदलू लागले, दाराकडे पाहू लागले. पडद्यावर यंत्र जुने वाक्य पुढे सरकवत होते. मी ते थांबवले आणि पेन घेतले.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारले.

"तिच्या पाळीत मी होते."

"मग शेरा सांगा."

"सगळं नॉर्मल," मी म्हणाले. सवयीने. सोळा दिवस तेच लिहिले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आजार नव्हता. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे शेरे वाचून त्यातला खोटा ओळखणारा माणूस तेवढ्यापुरता परत आला होता. "पाळीत काहीच बिघडलं नाही? नीट लिहा, बाई. पुढचा माणूस त्याच्यावर विसंबून बसतो. तुम्ही लपवलंत तर भाजतो तो."

मी खाली बसून लिहिले. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले, कारण त्यांना ऐकायचे होते. आवाज एकशे एकाहत्तर वेळा बोलला. एकदाही काम दिले नाही. तिसऱ्या दिवसापासून बटणे लावणे बंद. सहाव्यापासून हाताने जेवणे बंद. नवव्या दिवशी दोष कळला. दुरुस्त केला नाही. नंतर माझी सही, पुऱ्या नावाची.

डॉ. परचुरे यांनी सारे ऐकले. ते खोलीतून निघून गेले. जाताना दार मात्र त्यांनी हळू ओढून घेतले.

"हे आधी सांगायला हवं होतं," जयवंतराव म्हणाले. रागाने नव्हे. मग डायरी कुंदाताईंपुढे केली. "तपासून घ्या."

त्यांनी तपासले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. 'कुंदा जयवंत रेडीज' असे लिहिले. जयवंतराव त्या नावावर वाकले, बराच वेळ वाकून राहिले. मला वाटले, आता. पण त्यांनी वर पाहिले तेव्हा डोळ्यांत तेच सौजन्य होते. "बरं आहे, बाई. सांभाळा."

मी त्यांच्या कानामागची पट्टी सोडवली. तिच्याखालची कातडी फिकट, ओलसर, कुठल्याशा झाकून ठेवलेल्या रोपट्याच्या पानासारखी होती. ते दचकले. मान इकडून तिकडे कलती करून, डोक्यातल्या अचानक रिकाम्या झालेल्या खोलीत कुणी आहे का ते ऐकत राहिले. कुंदाताईंनी त्यांचा हात धरला. त्यांनी तो ओढून घेतला नाही. पण धरलाही नाही.

दाराशी थांबून कुंदाताईंनी त्यांच्या शर्टाची बटणे लावली, वरून खाली, एकेक. "उद्या आठला परत देऊन बघते," मला म्हणाल्या. "घेतात का कोण जाणे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अहवाल लिहायला बसले. पहिल्या पानावर, जिथे ती सपाट रेघ येणार होती, तिथे डायरीतला शेरा शब्दशः उतरवला आणि खाली एक ओळ घातली: प्रत्येक घरी साठ दिवसांतला कोणताही तास वगळू नये, शांत तास तर नाहीच. डॉ. परचुरे यांचा निरोप आला होता: 'हा अहवाल गेला तर प्रकल्प वर्षभर थांबेल. विचार कर.' मी विचार केला होता. साडेतीनशे दारांशी साडेतीनशे माणसे रिलीव्हरची वाट पाहत उभी होती, आणि मी त्यांच्या गाडीपुढे दरड लोटत होते. ते बरोबर आहे की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. मी अहवाल पाठवला.

साडेआठला फोन वाजला.

"वाचली सगळी रीडिंगं," कुंदाताईंचा आवाज. त्यात दमणूक होती, घरघर होती, मागे कुकरची शिट्टी होती. "दूध, पाणी, गॅस. मांजरीची पिल्लं गेली म्हटलं."

"घेतला चार्ज?"

"पेन हातात धरून बसलेत. सही नाही. शेंगा पुढ्यात ठेवल्यात, त्याही तशाच. मघाशी वरचं बटण लावलं एक. तिसऱ्या काजात." मग म्हणाल्या, "आणि मला विचारलं, ती सुटली का? म्हटलं, कोण? तर म्हणाले, कुंदा. केवढी लांब पाळी केली तिनं. तिला घरी जायला गाडी तरी मिळाली का?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार?" मागे कुकर पुन्हा वाजला, त्यांनी तो वाजू दिला. "म्हटलं, मिळाली हो. पोचली ती."